रंगीत पाणी कुठं गेलं

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवशी तुम्हाला खरं समजलं होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.

तुमचा जन्म कालव्यांवरच्या नोकरीत गेला. तंजावूरभोवतीचं कुठलं पाणी कुठं जातं, तुम्हाला तोंडपाठ. मी टॉवेलांच्या कारखान्यात खरेदी बघत होते. माल नुकताच परदेशी जायला लागला होता, आणि आमच्या रंगाच्या हौदांचं पाणी मागच्या पाटात सुटायचं. एकदा जेवता जेवता तुम्ही हात थांबवलात. "त्या पाण्यात बायका भांडी घासतात गं. तू तिथं बसून करतेस काय?" मला राग आला, लाजही वाटली.

पुढे जर्मनीच्या गिऱ्हाइकानं कळवलं, कारखाना स्वच्छ असेल तरच माल घेऊ. मीच साहेबांना सुचवलं, रंगवायचं काम बाहेर देऊ. दूर ओरत्तनाडू गावाच्या बाजूला एक शेड मिळाली. आमचे हौद बुजवून वर कण्हेर लावली. पाहुणे आले, बघून खूश झाले. हळूहळू पाट निवळला. तुम्ही स्वतः जाऊन बघून आलात, आणि तुमची कामावरची छत्री, जिला आईलाही कधी हात लावू दिला नव्हतात, मला दिलीत.

मग तुम्ही त्याच बाजूला एका लग्नाला गेलात. मी कॉफी गाळतेय, आणि तुम्ही चपला न काढताच स्वयंपाकघरात उभे आहात.

"तिकडचा पाट लाल झालाय. कुणाचं पाणी ते?"

"असेल कुणाचं तरी."

तुम्ही बघत राहिलात. मग म्हणालात, "साखर कमी घाल." पुन्हा तो विषय निघाला नाही.

मी काय केलं, अप्पा? इथल्या बायकांना चांगलं पाणी मिळालं, हे खोटं नाही. तिथल्यांचं गेलं, हेही खोटं नाही. शेडमधली माणसं काम मिळालं म्हणून मला हात जोडायची, तेव्हा कुठं बघावं कळायचं नाही. आता गिऱ्हाइकं सूत कुठलं, रंग कुठं दिला, सगळं विचारतात. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं का? तुम्ही विचारलं होतंत की.

हे देवनागरीत लिहितेय ते तुमच्यासाठी, असं आधी वाटलं. तसं नाही. माझ्या मुलांना मराठी कळतं, पण तमिळ शाळेत शिकल्यामुळं वाचता येत नाही, म्हणून.