ह्यांना विचारून सांगते

१२ जानेवारी
काय बोलून बसले मी!
पुढच्या महिन्यात साकेतकडे, पुण्याला जायचं. घरातलं सामान विकायला त्याने मोबाइलवर जाहिरात टाकली. दुपारी कपाट बघायला एक जण आला — किसनसिंग, बोरी अरबजवळच्या तांड्यावरचा. मुलीच्या लग्नात द्यायचंय म्हणे. "लय होते काकू, कमी करा ना जी!" मला कुणाला तोंडावर नाही म्हणता येत नाही. आयुष्यभराची सवय — "ह्यांना विचारून सांगते." आणि गेले की आत! रिकाम्या पलंगापाशी उभी राहिले. बाहेर येऊन म्हटलं, "ते नाही म्हणतात हो."
हे जाऊन चौथा महिना.

१३ जानेवारी
साकेत फोनवर हसला. "बरं केलंस आई. एकटी आहेस हे कळूच देऊ नकोस." त्याला हसायला काय जातंय!

१५ जानेवारी
पुन्हा आला. चहा दिला — घासाघीस करणाऱ्यालाही चहा द्यायचा, ही आमच्या घरची रीत. त्याने भाव थोडा वाढवला. "साहेबाले विचारून या." आत गेले. या वेळी मोठ्याने बोललेही, "अहो, ऐकलंत का?" माझ्याच अंगावर काटा आला. बाहेर येते तर हा दाराकडे बघतोय. खाली, उंबऱ्याकडे. खालची कडी बघत होता का? "साहेब चालते-फिरते हायेत ना?" "हो, हो!" आवाज चिरकाच निघाला.
तो गेल्यावर दोन्ही दारं लावून बसले. भाजीवाली हाक मारून मारून गेली.

१६ जानेवारी
भीती वाटते. बेल वाजली की आधी खिडकीच्या फटीतून बघते. अजून सोफा आहे, शिलाई मशीन आहे. किती परके लोक घरात घ्यायचे?

१७ जानेवारी
त्याचा फोन. "उद्या गाडी घिऊन येतो काकू. साहेब असतीन ना घरी?" सारखं हेच का विचारतो! कपाट विकलं म्हणून सांगणार होते. तोंडातून निघालं — "या." भिडेपायी जीव जायचा माझा एक दिवस! शेजारच्या जयाला थांब म्हटलं, तर तिच्याकडे उद्या हळदीकुंकू.

१८ जानेवारी
नेलं कपाट. "ह्यांनी हो म्हटलंय," म्हणाले मी. पैसे देऊन त्याने आतल्या खोलीकडे बघून हात जोडले, "येतो साहेब." गाडी गेली तशी कडी लावायला धावले — पायरीवर त्याच्या चपला! म्हणजे परत येणार!

१८, संध्याकाळ
तो यायच्या आत मीच फोन केला.
"विसरलो नाही काकू. पहिल्याच दिवशी दिसलं मले, तुमच्या दारात बाप्या माणसाची चप्पल नाही. अजून लय लोकं येतीन सामान पाहाले. राहू द्या तिथंच."
ह्यांच्या चपला तेराव्याला दान दिल्या होत्या, छत्रीसकट.
त्याने जोड नीट लावून ठेवलाय. मी एक चप्पल जराशी तिरपी केली. हे तशीच काढायचे.