चर्चमागचा नळ

कोनिओ मावशी,

हे पत्र तुझ्या हातात द्यायचा धीर मला होणार नाही.

पाणी कंपनीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात विचारलं होतं, 'तुमच्या घरी पाणी कुठून येतं?' मी खरं तेच लिहिलं: काकांनी चर्चमागच्या मोठ्या पाइपाला चोरून जोडलेल्या नळातून. माझ्या प्रामाणिकपणावर खूश होऊन कंपनीने मला इंटर्न म्हणून घेतलं. पुढच्याच आठवड्यात त्यांची गाडी वस्तीत आली आणि नळ तोडून गेली. साहेबांपुढे रडले, तर म्हणाले, "नियम आहे, बाळ."

तू मात्र रोज माझ्या डब्यात सागोच्या पिठाची भाजलेली भाकरी भरतेस आणि बादल्या घेऊन टेकडी उतरतेस. काल म्हणालीस, "गेउआ, आता तू त्यांच्यातलीच. जरा बघ गं, कुठल्या मेल्याने चुगली केली ते!"

मी "बघते" म्हणाले.

तुझीच,
गेउआ