सूपमधली गोळी

४ जानेवारी

आज पहिल्यांदा घातली. दाराकडे दोनदा बघितलं आणि घातली. ह्यांची कोलेस्टेरॉलची गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून भुकटी केली आणि मशरूमच्या सूपमध्ये ढवळली. हे समोर बसून प्याले. "आज जमलंय," म्हणाले.

दुसरं काय करू? कारखाना बंद पडल्यावर ह्यांनी मागच्या खोलीत मशरूम लावली. भुशाच्या पिशव्या, ओली पोती, दिवसातून चारदा फवारा – पोटच्या पोरांचं केलं नाही एवढं करतात. मग कुठेतरी वाचलं, मशरूमने कोलेस्टेरॉल उतरतं. झालं! गोळ्या कचऱ्यात. डिसेंबरचा रिपोर्ट दोनशे बासष्ट. औषधांच्या दुकानात बारा वर्षं काउंटरवर उभी आहे मी, पण घरात माझं कोण ऐकतं? "सहा महिने दे मशरूमला. गोळी विकणारी गोळीचीच बाजू घेणार."

११ जानेवारी

रोज घालते. आता दाराकडे बघतही नाही. ह्याचीच जास्त भीती वाटते.

२ मार्च

एकशे चौसष्ट!

ह्यांनी रिपोर्ट मशरूमच्या खोलीच्या दारावर डकवला. मग मशरूमच्या विकायच्या पाकिटांवर स्केचपेनने लिहायला बसले – 'कोलेस्टेरॉलवर गुणकारी'. अक्षर इतकं वळणदार काढलंय! मला म्हणाले, "आता बोल." काय बोलू? कारखाना सुटल्यापासून हा माणूस असा हसलेला पाहिला नव्हता. मीही हसले. ओशाळं हसू होतं, त्यांना कळलं नाही.

८ मार्च

मोठे भावजी आणि जाऊबाई जेवायला. भावजींच्या हृदयात दीड वर्षापूर्वी स्टेंटची जाळी बसवली आहे. ह्यांनी रिपोर्ट दारावरून काढून त्यांच्या हातात ठेवला. भावजींनी चष्मा लावून दोनदा वाचला. "म्हणजे मी उगाच मूठभर गोळ्या गिळतोय."

मी घाईने म्हटलं, "भावजी, तुमचं वेगळं आहे. तुमची बंद करायची नसते." त्यावर हे – "हिचं दुकान चाललं पाहिजे ना!" सगळे हसले. जाताना भावजींच्या पिशवीत चार पाकिटं.

१९ मार्च

भावजींची कोलेस्टेरॉलची गोळी दर पंधरा तारखेला जाऊबाई माझ्याकडून नेतात. चार दिवस झाले, आल्या नाहीत. फोन केला तर भावजींनीच उचलला. "त्या गोळीला रामराम ठोकला. तुझ्या नवऱ्याने डोळे उघडले बघ."

दुकानात डॉक्टरीणबाई आल्या होत्या. कुणाचं नाव न घेता विचारलं. म्हणाल्या, "मशरूम चांगलंच की. मटणाऐवजी खाल्लं तर थोडाफार फायदाही होईल. पण जाळी बसवलेल्या माणसाने गोळी सोडायची? कोण सांगतं असलं?"

मी. मीच सांगतेय, गप्प बसून.

२० मार्च

आज सांगणार होते. हे खोलीत शीळ घालत फवारा मारत होते. नाही सांगितलं.

२२ मार्च

सांगितलं.

सूपची वाटी समोर ठेवली आणि म्हटलं, "अहो, ह्यात तुमची गोळी आहे. जानेवारीपासून रोज असते." त्यांना वाटलं, थट्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाटीत बघत बसले. ओरडतील म्हणून मी तयारीत होते. ओरडले नाहीत. "दारावर रिपोर्ट लावला तेव्हा तरी सांगायचंस," एवढंच. मग वाटी बाजूला सरकवून – "गिऱ्हाइकांना काय काय सांगून बसलोय मी."

"भावजींनी गोळी सोडलीय," मी म्हटलं. "त्यांना काही झालं तर?"

चप्पल पायात सरकवून तसेच निघाले. दीड तासाने परत. भावजींसमोर सगळं कबूल केलं म्हणे – ह्या वयात, मान खाली घालून! गोळी आजपासून परत घेतो असं भावजींनी वचन दिलंय. जाऊबाई ऐकून मुकाट्याने आत निघून गेल्या. माझ्यावर चिडल्या असणार. चिडू देत. भावजींच्या जिवाचा घोर मिटला, मला तेवढंच हवं होतं.

२५ मार्च

हे माझ्या हातचं खात नाहीत. भांडण नाही, आदळआपट नाही. स्वतःचं स्वतः शिजवतात. पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः विसळून भरून घेतात. गोळी मात्र माझ्यासमोर घेतात आणि गिळली हे दाखवायला लहान मुलासारखं तोंड उघडतात. ते मला सगळ्यात जास्त लागतं. खोलीतल्या नव्या पाकिटांवर आता काहीच लिहिलेलं नाही.

चोवीस वर्षं ह्या माणसाला वाढलंय मी. आज एकटीच्या ताटावर बसून रडले.

२८ मार्च

जाऊबाई दुकानात आल्या. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत बाजूला उभ्या राहिल्या. मग पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून काउंटरवर ठेवली – अर्धी संपलेली, स्टेशनजवळच्या दुकानातली.

"ह्यांनी सोडली त्याच दिवसापासून मी भाजीत कुटून घालत होते. तुझ्याकडून नेल्या असत्या तर तुला कळलं असतं," म्हणाल्या. "तू सांगितलंस कशाला गं?"