मागचा पांढरा पडदा

चि. ऋषी,

काल तू म्हणालास, "आई, वेदांतला डेकेअर जानेवारीत मिळतंय, तुझं तिकीट एक्स्टेंड करू या." मी "बघते" म्हणाले. बघून झालं. मी थांबणार नाही.

ऑक्टोबरमध्ये परत जाताना मी दहा दिवस प्रागला उतरणार आहे. एकटी, पायी, कॅमेरा घेऊन. व्हिसा भारतातून निघण्यापूर्वीच काढलाय. तुझ्या वेदांतला बाबागाडीत घालून तुमच्या या मॉरिसव्हिलच्या तळ्याभोवती रोज चार मैल चालते, ते केवळ त्याला झोपवायला नाही.

टूरबरोबर जा म्हणशील. टूरची बस मला हवं तिथे थांबणार आहे का? मला तिथली पानगळ, पूल, माणसं सावकाश बघायचीत. आपल्या स्टुडिओत तीस वर्षं मी पासपोर्टचे फोटो काढले. अर्धं गाव माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून परदेशी गेलं, तूसुद्धा. प्रत्येकाच्या मागे मी पांढरा पडदाच लावला. आता माणसाच्या मागे मला शहर हवंय.

वेदांतला सोडून जाताना जीव तुटेल. तरी जाणार.

हे पत्र फ्रिजवर लावून ठेवणार होते. आता फाडते. सकाळी चहाला समोर बसूनच सांगेन. तेव्हा, तुझ्या फोटोच्या वेळी स्टुलावर बसवून सांगितलं होतं तसंच: हसू नकोस, सरळ माझ्याकडे बघ.

तुझी,
आई