डोहातले छत्तीस

पार्सिपनी,
२६ जानेवारी २०२५

ती. अरुणमामांस,
सा. न. वि. वि.

नमस्कार सवयीने लिहिला आहे, मनापासून नाही. पस्तीस मिनिटांवर राहून पत्राला तिकीट लावतोय, कारण फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि समोर आलो तर माझ्या तोंडून भलतंसलतं जाईल.

काल पारा वीस फॅरनहाइटच्या खाली होता. नदीच्या कडेला बर्फ धरला होता, मध्ये पाणी मोकळं होतं. पुलाखालच्या डोहावर मी चार तास उभा राहिलो. गळाला साधा धक्कासुद्धा लागला नाही. नऊ हिवाळ्यांत असं कधी झालं नव्हतं. शेवटी गाडीत हीटर लावून बसलो आणि फोन उघडला, तर मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटो. तुम्ही, मंडळातला तो सत्यजित आणि त्याचे दोन मित्र, पायाशी दोन कूलर, मागे माझ्या पुलाचा खांब. खाली सत्यजितने मोठ्या कौतुकाने लिहिलंय की अरुणकाकांनी शिकवलं आणि दोन दिवसांत छत्तीस बास मासे मिळाले. दोघांनी पत्ता विचारलाय. त्या शहाण्याने तो दिलाय!

मामी गेल्यावर तुम्ही दार लावून बसलात, टीव्हीसुद्धा लावेनात, म्हणून नोव्हेंबरात मी तुम्हाला तिथे नेलं. लग्नाच्या बायकोला, नीलांबरीलाही, मी ती जागा कधी दाखवलेली नाही. तुम्हाला नीट समजावून सांगितलं होतं की थंडीची लाट आली की हा स्मॉलमाउथ बास गारठून सुस्त होतो. मैलभर नदीतले सगळे मासे एकाच खोल डोहात येऊन तळाशी पडून राहतात. तिथे गळ सोडायचा, मिनिटभर हलवायचा नाही, मासा धरायचा, बघायचा आणि सोडून द्यायचा. एवढ्या गार पाण्यात हातभर वाढायला त्याला बारा वर्षं लागतात हेही सांगितलं होतं. तुम्ही मान डोलावत होतात. मला वाटलं ऐकताय. तुम्ही जागा हेरत होतात!

माणशी रोज पाच धरले तर नियमात बसतं, ते मला ठाऊक आहे. म्हणून काय झालं? त्या डोहात मैलभर नदी होती, मामा. ओक ट्री रोडवर तुमच्या घरापासून चालत गेलं तरी सुरमई, बांगडा, पापलेट सगळं मिळतं. मग एवढे मासे तुम्हाला कशाला लागले, ते तरी कळवा.

बाहेर पडताना कानटोपी घालत जा. राग असला तरी तेवढं सांगायचं सुटत नाही.

आपला भाचा,
नकुल


आयसेलिन,
३० जानेवारी २०२५

चि. नकुल यास,
अनेक आशीर्वाद, पैकी निम्मे सध्या राखून ठेवले आहेत.

तुझं पत्र वाचलं. मग ब्लडप्रेशरची गोळी घेतली आणि पुन्हा वाचलं. आईच्या भावाला असं लिहितात हे तुला कुणी शिकवलं, ठाऊक नाही. माझ्या बहिणीने तर नाहीच.

मासे कशाला लागले म्हणून विचारतोस? एकोणीस तारखेला तुझ्या मामीचं वर्ष होतं. वर्षभर मी मासा तोंडाला लावलेला नाही. आमच्याकडे वर्ष झालं की गेलेल्या माणसाच्या आवडीचं रांधून पान वाढतात, माणसं जेवू घालतात, आणि मग घरातले पुन्हा मासे खायला लागतात. वेंगुर्ल्याच्या बाईच्या पानात मी बर्फाच्या पेटीतला पापलेट वाढायचा? तीस वर्षं तिने तो नाक मुरडत रांधला. तिच्या पानात माझ्या हाताने धरलेला मासा पडेल, एवढंच मी ठरवलं होतं. चाळीस माणसं जेवली. बोटं चाटून उठली.

तू नव्हतास. चँडलरला ऑफिसच्या कामाला गेला होतास. काम शुक्रवारी संपलं आणि साहेब सोमवारी परतले, हेही मला कळलं आहे. नवा नवा एच-वन व्हिसावर आलास तेव्हा जिने दोन वर्षं तुला सकाळचा डबा भरून दिला, तिच्या वर्षाला तू ट्रिप कॅन्सल होत नाही एवढा मेसेज टाकलास. आणि मला डोहाचं ज्ञान शिकवतोस!

शिवाय तुझं ते धरणं-सोडणं मला मुळीच पटलेलं नाही. पोटाला नको तर गळ टाकायचाच कशाला? जिवाच्या तोंडात लोखंड खुपसायचं, फोटो काढायचा आणि उपकार केल्यासारखं पाण्यात सोडायचं. माझ्या वडिलांनी धरलेला मासा परत समुद्रात टाकला असता, तर गावाने वैद्य बोलावला असता. भुकेसाठी मारणं मला कळतं. गंमत म्हणून छळणं कळत नाही.

तुला विचारलं का नाही, तेही सांगतो. विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास. म्हणून नाही विचारलं.

नीलांबरीस आशीर्वाद. तिचे पूर्ण आहेत.

तुझा मामा,
अरुण


पार्सिपनी,
२ फेब्रुवारी २०२५

ती. मामांस,
नमस्कार.

मामीच्या वर्षाला आलो नाही, हे खरं. दोन दिवस मित्राकडे राहिलो, वाळवंट बघितलं. तुमच्या घरात ती नसताना जेवायला बसणं मला जमणार नव्हतं, म्हणून थांबलो. त्याची लाज तुमच्या पत्राच्या आधीपासून वाटते आहे. पण तिच्या पदराआड लपू नका. मामी असती तर तिने आधी मला फोन केला असता आणि मग तुम्हाला घराबाहेर पडू दिलं असतं.

भुकेसाठी धरले असते तर चार धरले असते. मंडळाला जेवू घालून वा वा मिळवायला छत्तीस लागतात. तुम्ही तिथे भूक नेली नाहीत, मोठेपणा नेलात. हे लिहिलंय, ते खोडणार नाही.

एकच विचारायचं आहे. फोटोत उजवीकडच्या कूलरमध्ये सगळ्यांत वर एक मोठा आहे, डाव्या बाजूला ओठ फाटलेला. तो मी पहिल्यांदा धरला तेव्हा वीतभर होता आणि ओठ माझ्याच गळाने फाटला. त्यानंतर चार हिवाळे तो मला त्याच डोहात भेटला. नाव वगैरे ठेवलं नव्हतं, एवढा मी वेडा नाही. पण थंडीची लाट येणार असं रेडिओवर ऐकलं की पहिली आठवण त्याची यायची. तो कोणी खाल्ला? निदान चवीने खाल्ला का?

नकुल


आयसेलिन,
६ फेब्रुवारी २०२५

चि. नकुल यास,
आशीर्वाद, सगळे.

तो मीच धरला. तू शिकवलंस तसा गळ तळाशी सोडला आणि हललो नाही. थंडीने त्याच्यात जोर उरला नव्हता, चार हात ओढला आणि वर आला. सगळ्यांत मोठा म्हणून तो अख्खा तळून तुझ्या मामीच्या पानात ठेवला.

पान मागच्या अंगणात ठेवून दार लावून घेतलं. कावळे वेळ लावून आले. भात खाल्ला, वडे नेले. तोवर मासा गोठून पानाला घट्ट चिकटला होता. त्यांनी दोन-चार चोची मारल्या आणि उडून गेले. जेवायला आलेल्यांना मी सांगितलं की कावळा लगेच शिवला. तीन दिवस मासा तिथेच होता. मी खिडकीतून बघत होतो, वाटायचं की उद्या कोणीतरी नेईल. चौथ्या दिवशी कचऱ्याची गाडी यायची होती. फावड्याने खरवडून तो काळ्या पिशवीत भरला आणि रस्त्याच्या कडेला ठेवून आलो. तुझा मासा कोणी खाल्ला नाही, नकुल. तिने नाही, मी नाही, कावळ्यांनी नाही.

हे तुला कळवणार नव्हतो. मागच्या पत्रात माझा आवाज एवढा मोठा होता तो त्यामुळेच.

सत्यजित परवा पुन्हा गेला होता, रिकाम्या हाताने आला आणि मला दुसरी जागा विचारू लागला. मी त्याला नको ते बोललो. आता तो मला टाळतो, बरंच झालं. डोह पुन्हा भरायला तू म्हणतोस तशी बारा वर्षं लागणार असतील, तर ते बघायला मी नसेन. चुकलो मी. मोठेपणाबद्दल लिहिलंस तेही खरं आहे. माफी मागत नाही, कारण तू ती देणार नाहीस आणि देऊही नयेस.

मात्र आता पत्रं पुरेत. लोभ उरला असो वा नसो, शनिवारी इथे ये आणि माझ्यासमोर उभा राहून ओरड. भलतंसलतं बोल. मला ऐकू येत नाही, तर मोठ्याने बोल. ती गेल्यापासून या घरात कुणी आवाज चढवलेला नाही.

तुझा,
अरुणमामा