तळ्याच्या बाजूने एक मत

१८ मार्च, दुपार

दादा, नमस्कार.

गुडघा कसा आहे? वहिनी चालायला लावते की नाही? मी बरी आहे, मान तेवढी धरलीय. बंगल्यात सध्या फार शांतता आहे. खोकी बांधून झालीत. खिडकीशी बसल्या बसल्या डोळा लागतो आणि झोपेत कुणीतरी ‘माननीय अध्यक्ष’ म्हणून हाक मारतं. मी वळून बघते, तर मागे कुणीच नसतं.

खोकी म्हटल्यावर तुला कळलंच असेल. पेपरातही आलंय. खुर्ची गेली, पुढच्या निवडणुकीचं तिकीटही गेलं. पक्षाचे प्रतोद स्वतः घरी येऊन सांगून गेले, बिचारे चहासुद्धा न घेता. “ताई, एवढी वर्षं सगळ्यांना सांभाळून घेतलंत, नेमकं त्याच दिवशी काय झालं हो?”

“जागी होते, एवढंच,” मी म्हटलं. ते हसले नाहीत.

तळं बुजवून कारखाना उभारायचं विधेयक होतं. मतं समसमान पडली. अशा वेळी अध्यक्षानं मत द्यायचं असतं. सभागृहाच्या वरच्या काचांतून हिरवट उजेड उतरत होता आणि मला वाटलं, सगळे पाण्याखाली बसलेत. तोंडं हलतायत, आवाज नाही. कागद संथ तरंगतायत. आवाज आला तो फक्त तुझा, आदल्या संध्याकाळी फोनवर ऐकलेला: “हो म्हण गं. कारखाना झाला तर पोरगं परत येईल. नातवंडं अंगणात खेळतील.”

दादा, मला ती दिसत होती. खरंच.

पण त्याआधी पलीकडच्या काठावरची एक मासे विकणारी बाई मला भेटून गेली होती. ना रडली, ना भांडली. एवढंच विचारलं, “आम्ही कुठे जायचं, ते लिहिलंय का त्यात?” मी विधेयक पुन्हा वाचलं. नव्हतं लिहिलेलं. मंत्र्यांना विचारलं, तर म्हणाले, “ते नंतर बघू.” त्या सभागृहात माझे केस पिकले रे. तिथलं ‘नंतर’ मला चांगलं माहीत आहे.

मी ‘नाही’ म्हटलं. इतकं हळू, की नोंद घेणाऱ्यानं मान वर करून पुन्हा विचारलं. मग मोठ्यानं म्हटलं.

तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. वहिनी उचलते, म्हणते, बाहेर गेलेत. असला गुडघा घेऊन कुठे जातोस रे?

माफी मागायला हे लिहीत नाही. पुन्हा तशी वेळ आली तर तेच म्हणेन. पण तुझं अंगण रिकामं राहिलं ते माझ्यामुळे, आणि ते मी दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

रविवारी येतेय. सरकारी गाडी नाही, शिपाई नाही, बसनं. हवं तर बोलू नकोस. शेजारी बसू दे.

तुला ‘नाही’ म्हणालेली,
तुझीच बहीण