वजीफ्यानंतरची शाळा

राणीसावरगाव,
पौष वद्य पंचमी, शके १८६७

प्रिय बन्सी,

तुला आणि मुलांना आशीर्वाद.

मुलींच्या शाळेतली नोकरी संपली, निजाम सरकारचा वजीफा सुरू झाला, आता अक्कानं परभणीला येऊन स्वस्थ बसावं, असा तुझा निरोप पोचला. मीही इथं स्वस्थ बसायलाच आले होते. पण आपल्या शेजारच्या कडूबाईचं लेकरू गेल्या पावसाळ्यात गेलं, ते तुला कळवायचं राहिलं. तापात होतं. दवाखान्यातून दोन बाटल्या आणल्या होत्या, एक पाजायची आणि एक अंगाला चोळायची. बाटल्यांवर मराठीत लिहिलेलं होतं, पण घरात वाचणारं कुणी नाही. चोळायचं औषध पाजलं गेलं. मी त्या दिवशी गंगाखेडला होते.

सुतक फिटल्यावर ती माझ्या दारात आली. रडली नाही. म्हणाली, "बाई, मला वाचाया शिकवा. आनखी एक लेकरू हाय घरात."

तिच्यामागून धुरपताबाई आली, मग मेंढरं राखणाऱ्या बायकाही दुपारच्या विसाव्याला येऊ लागल्या. परवानगीचा अर्ज मी केला होता, त्याचं उत्तर आलं नाही. आला तो तालुक्याचा माणूस. वजीफा खाणाऱ्या बाईनं परवानगीशिवाय शाळा चालवणं चालणार नाही, वर्ग मोडा, नाहीतर वजीफा बंद होईल, असं त्यानं अदबीनंच सांगितलं. कडूबाई तिथंच होती. जाताना म्हणाली, "तुमचं खाणं तोडून आमाला अक्षरं नकोत, बाई."

मी भ्याले, बन्सी. वर्ग बंद केला. तुझ्याकडं यायचं म्हणून बोचकंही बांधलं.

दुसऱ्या दुपारी बाहेर आवाज आला. लिंबाखाली कडूबाई फरशीवर कोळशानं अक्षरं काढून दोघींना शिकवत होती. 'ष' उलटा काढला होता. त्या तिघी तोच उलटा 'ष' गिरवत होत्या. माझ्यानं बघवेना. जाऊन तिच्या हातावर हात ठेवला आणि तो सरळ करून दिला. त्या दिवसापासून वर्ग पुन्हा भरतो. जेवणाची काळजी करू नकोस. या बायका मला उपाशी ठेवणार नाहीत.

आता मूळ गोष्ट. परवा तुमच्या तालीम कचेरीतले, शिक्षणखात्यातले दिनकरराव इकडे आले होते. वर्ग पुन्हा भरतो असा माझ्याविरुद्धचा तालुक्याचा अहवाल तुझ्या मेजापर्यंत येऊन थांबलाय, तू तो पुढं जाऊ देत नाहीस, हे त्यांच्याकडून कळलं. विचारलं तर 'मिळालाच नाही' असं सांगतोस म्हणे. उघडकीला आलं तर तुझी नोकरी जाईल, आणि तुझ्या पदरी मुलं आहेत. मला वाचवण्यासाठी तू खोटं बोलावंस, हे मला सोसणार नाही. म्हणून हे पत्र. तो अहवाल आजच्या आज साहेबांपुढं ठेव. साहेबांनी विचारलं, तर मान खाली घालू नकोस. माझी बहीण शिकवते, एवढंच सांग.

तुझीच,
मनकर्णाअक्का